पाणी ओसरल्यावर आलेलं पत्र

नदीकाठच्या सरकारी कचेरीत टियेसेने फोन खाली ठेवला. वरच्या अंगाच्या आपल्या धरणाची दारं आज उघडली होती. परवा सकाळी झांबेझी नदी काठावर चढणार. पाठीला बांधलेल्या लेकीला थोपटत तिने विचारलं, "साहेब, पलीकडे कळवू ना?"

"राजधानीला कळवा. ती त्यांच्या राजधानीला कळवेल," सकालासाहेब मान वर न करता म्हणाले. "दुसरा देश आहे तो, बाई!"

दुसरा देश! खिडकीतून नदीपलीकडे मोझांबिकच्या काठावरचे मक्याचे मळे दिसत होते. बायका तिथल्या ओल्या गाळात पेरायच्या आणि पाणघोडे हाकायला पोराबाळांसकट मळ्यातच झोपायच्या. टियेसेची सख्खी बहीण म्वाझाही तिथेच होती, तीन पोरांना घेऊन. तिकडे फोन लागत नव्हता.

"मागच्या वर्षी राजधानीमार्फत गेलेलं पत्र अकरा दिवसांनी पोचलं, साहेब! मळे धुऊन पाणी ओसरलंसुद्धा होतं!"

"नियम मी केले का?"

फरशी पुसणाऱ्या एलेस्टिना आजींनी फडकं बादलीत आपटलं. "गेल्या महिन्यात माझा भाऊ वारला. इथे ढोल वाजला आणि दुपारपर्यंत पलीकडून बारा होड्या आल्या. कुणाच्या राजधानीला विचारलं होतं?"

"ते मयत होतं, आजी."

"अस्सं! म्हणजे मेल्याची खबर नदी ओलांडते, आणि जीव वाचवा ही खबर ओलांडत नाही? मग बसा निवांत. परवा पलीकडे ढोल वाजेलच. जाऊ की रडायला, इस्त्रीचे कपडे घालून!"

टियेसेने पाठीवरच्या लेकीची गाठ घट्ट केली. "मी निघाले, साहेब. नोकरी घ्या हवी तर!"

साहेबांची खुर्ची मागे सरकली. "थांबा. कागद आणा. सही माझी राहील."

पाण्याला घाबरणारा तो माणूस होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून पलीकडे गेला. तिथला अधिकारी म्हणाला, "आमच्या राजधानीचं काही आलेलं नाही."

"मी आलोय ना!" सकालासाहेब कडाडले. "पाणी काय राजधानीला वळसा घालून येणार आहे?"

त्या रात्रीच अधिकाऱ्याने मळ्यामळ्यांत खबर पाठवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांच्या बायका मळ्यात उतरल्या. कोवळी कणसं, शेंगा, भोपळे, हाताला लागेल ते टेकडीवर वाहून नेलं. अर्धं पीक गेलंच. पण पाणी चढलं तेव्हा मळ्यात एकही जीव नव्हता; म्वाझाची पोरं टेकडीवर कणसं भाजत होती.

वाचकहो, धरणाच्या करारांवर मोठ्या माणसांच्या सह्या होतात, फोटो निघतात. पण त्या पाण्याच्या वाटेवर झोपलेल्या पोराला वेळेवर उठवणार कोण? दार उघडायचा हक्क ज्याचा, शेजाऱ्याला आधी सांगायचं कर्तव्यही त्याचंच. एवढं ज्याला जमत नाही, त्याने सहकार्याची भाषणं करू नयेत!