बांधाचं ढेकूळ

ढेकळातून एक मूळ बाहेर आलं होतं. केसाएवढं बारीक, पांढरं, टोकाशी जरा वळलेलं – चार दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन खाऊन ढेकूळ खडखडीत वाळलं होतं, पण हे मूळ तसंच, आपल्याला इथे उचलून आणलंय याचा त्याला पत्ताच नसल्यासारखं. त्याने ते चिमटीत धरलं. ओढलं तर ढेकूळ फुटेल, कापलं तर आतलं टोक आतच राहील, आणि मग पाण्यात पडल्यावर ते... शेवटी त्याने बायकोच्या शिवणाच्या डब्यातली कात्री आणली आणि मूळ मातीलगत कापलं. कापलेला तुकडा खिडकीबाहेर फेकायला काही हरकत नव्हती, पण त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला.

"दाढी करताय का त्याची?" बायको ओट्याशी उभी राहून म्हणाली.

त्याने कात्री परत डब्यात ठेवली. ती हे सहज म्हणाली असेल, का चार दिवसांपूर्वी तिने त्याला बांधावर कुदळ घेऊन वाकलेलं पाहिलं असेल? चोराच्या मनात चांदणं. पण चोर कसला, बांध माझाच आहे. वरचा तुकडा माझा, त्याच्या कडेचा सहा फूट रुंदीचा गवताळ बांधही माझा, मोजणीच्या कागदावर तसं स्पष्ट आहे. बाबा म्हणाले होते, ज्याने त्याने आपापल्या रानातलं ढेकूळ आणायचं. आणलं. आपल्याच रानातलं आणलं. कुठल्या कोपऱ्यातलं, ते कोणी विचारलं नव्हतं.

ठरलं होतं ते असं. ओढ्याकाठचं खालचं रान बाबांनी आजवर स्वतःच्या हातात ठेवलं होतं, पण आता त्यांचे गुडघे काठीशिवाय उठेनात, तेव्हा ते कोणीतरी करायला हवं. थोरल्याला – म्हणजे त्याला – तिथे धान्य घ्यायचं होतं. तीस वर्षं तो धान्यच घेत आला होता. धाकट्याला तिथे झाडं लावायची होती. बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बघू, माती काय म्हणते ते. आज दहा वाजता शेतीशाळेच्या बाई काचेच्या बरण्या घेऊन येणार होत्या. बरणीच्या तोंडाशी जाळी, जाळीवर वाळलेलं ढेकूळ, आणि वरून पाणी. ज्या मातीत जीव आहे ती पाण्यात टिकते; जिच्यात नाही ती विरघळून खाली बसते. एवढं सोपं. लहान पोरालाही कळेल असं.

आणि त्याच्या नांगरलेल्या मातीचं काय होतं, ते त्याने करून पाहिलं होतं. पाच दिवसांपूर्वी, गोठ्यात, दार लावून, चहाच्या गाळणीवर. पेला भरायच्या आत ढेकूळ खचलं होतं.

बांधाचं ढेकूळ जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून तो निघाला. बाबांच्या शेडकडे जायचे दोन रस्ते, एक सरळ आणि एक धाकट्याच्या उतारावरून. पाय नेहमीप्रमाणे उतारावरच्या वाटेला लागले. जखमेवरची खपली काढल्याशिवाय हाताला चैन पडत नाही, तसं त्याचं बारा वर्षं चाललं होतं.

बारा वर्षांपूर्वी हा उतार म्हणजे नुसता मुरूम होता. शहरातली नोकरी सोडून धाकटा परत आला तेव्हा बाबांनी हाच तुकडा त्याला दिला, कारण दुसरं काही करण्यासारखं ते नव्हतंच. आणि या शहाण्याने काय केलं, तर हवी होती त्याच्या दहापट रोपं आणून दाटीवाटीने लावली आणि पाठ फिरवली. पाणी नाही, खत नाही, औषध नाही. मरतील ती मरतील दादा, उरतील ती या जागेची. निम्म्याहून जास्त मेली. लोक हसले, आणि सगळ्यांत जास्त मी हसलो... हसलो एवढंच नाही, रोज संध्याकाळी याच वाटेने जाऊन मेलेली रोपं मोजत होतो. चारशे अकरा. आकडा अजून पाठ आहे. स्वतःच्या पोरांचे वाढदिवस बायकोला विचारावे लागतात आणि धाकट्याची मेलेली रोपं तोंडपाठ.

मग उरलेली वाढली. त्यांना वाढू नका असं कोणी सांगायला हवं होतं. आता वर अक्रोड, त्याखाली तुती, तुतीखाली काटेरी झुडपं, झुडपांवर द्राक्षाचे वेल, आणि या सगळ्याच्या पायाशी गवत. गवतात आधी गाई सोडायच्या, दोन दिवसांनी त्यांच्या मागून मेंढ्या, मेंढ्यांच्या मागून कोंबड्या – त्या शेण उकरतात, किडे खातात, गळलेली तुती खातात, आणि जाताना आपलं खत मागे ठेवून जातात. सगळे आपापलं काम करतात. आणि मालक काय करतो? सकाळी उठून हलकं तारेचं कुंपण उचलतो, वीस पावलं पुढे रोवतो, आणि दगडावर बसून चहा पितो. तीस वर्षांत मी कधी दगडावर बसून चहा प्यायलो? ट्रॅक्टरवर बसून प्यायलो, तोही थंड.

त्या दगडाजवळ वाटेवर काठीची टोकं उमटली होती. गोल, खोल, एकावर एक – बाबा रोज इथे येतात. गुडघे दुखत असताना चढ चढून येतात, धाकट्याशेजारी बसतात, बोलत काहीच नाहीत, कोंबड्या बघत बसतात. त्याने बाबांना एकदा विचारलंही होतं, काय असतं एवढं तिथे? "बरं वाटतं," बाबा म्हणाले होते. त्याच्या रानात बाबा यायचे ते एकाच कामाला. एक डोळा मिटून नांगराचा तास सरळ आहे का ते बघायला.

पहिल्यांदा नांगर धरला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. बाबांनी रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधली होती, आणि त्याचा तास मध्येच वीतभर वाकडा गेला होता. पुन्हा, बाबा म्हणाले. पुन्हा केला. पुन्हा. दुपार झाली, तळहाताला फोड आले, फोड फुटले. आणि कडेला झाडाखाली पाच वर्षांचा धाकटा पालथा पडून मुंग्या बघत होता. तो लहानपणी अशक्त, सारखा तापाने फणफणायचा, पण त्या दिवशी ताप नव्हता, मला पक्कं आठवतंय, नव्हता. मी म्हणालो, बाबा, त्याला निदान पाणी तरी आणायला सांगा. बाबांनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, त्याला राहू दे.

त्याला राहू दे. शाळेत नापास झाला, राहू दे. न सांगता शहरात गेला, राहू दे. परत आला, रोपं मारली, राहू दे. घरात 'राहू दे' हे दोन शब्द जणू त्याच्याच नावावर होते. आणखी एका गोष्टीला बाबा ते म्हणत. ट्रॅक्टर वळवताना फाळ जरा बांधाकडे गेला, की लांबून ओरडत, बांध राहू दे.

शेडमध्ये बाकावर तीन बरण्या मांडलेल्या होत्या. बाई तरुण होत्या, पायात चिखलाचे बूट, बोलणं मोजकं. तिसरी बरणी त्यांनी स्वतःची आणली होती: शाळेच्या रानातली माती, दरवर्षी नांगरलेली, तुलनेला. धाकटा आधीच आला होता. त्याने आपलं ढेकूळ खिशातून काढलं, बिस्किट काढावं तसं, आणि थोरल्याकडे बघून हसला. "मला रात्रभर झोप नाही दादा. परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय."

"त्यात काय," तो म्हणाला.

बरण्यांखाली चिठ्ठ्या लावल्या, थोरला, धाकटा, शाळा, आणि बाईंनी पाणी ओतलं. बाबा खुर्ची ओढून पुढे बसले, काठीवर हनुवटी टेकून.

शाळेचं ढेकूळ आधी गेलं. त्यातून बुडबुडे निघाले, कडा सुटल्या, आणि मग ते बसकण मारल्यासारखं जाळीतून खाली आलं; पाणी गढूळ झालं. तो त्या बरणीकडे बघत राहिला. ओळखीचं माणूस रस्त्यात पडलेलं दिसावं आणि आपण ओळख न दाखवता पुढे जावं, तसं त्याला झालं. ते माझं आहे, बाई, तो मनात म्हणाला. ती चिठ्ठी चुकली आहे.

धाकट्याचं ढेकूळ जागचं हललं नाही. थोरल्याचंही हललं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दोन्ही बरण्यांतलं पाणी इतकं स्वच्छ, की पलीकडे बसलेल्या बाबांची बोटं दिसत होती.

"तुम्ही नांगरता ना?" बाईंनी त्याला विचारलं.

"तीस वर्षं."

"दरवर्षी?"

"वर्षातून दोनदा."

बाई वाकल्या, बरणी उजेडाकडे फिरवली. "कमाल आहे. पण यात मुळं दिसतायत. ही तर बारमाही गवताची, जुनी. नांगरलेल्या रानात अशी मुळं–"

"राहू द्या, बाई," बाबा म्हणाले.

बाईंनी बरणीवरचा हात काढला. बाबांची नजर बरणीवरून उठून त्याच्या चेहऱ्यावर आली, तिथे जरा थांबली आणि पुन्हा काठीच्या मुठीवर गेली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाची त्याला सवय होती. बाबांनी बांध ओळखला होता. चाळीस वर्षं ज्या बांधाला त्यांनी फाळ लागू दिला नाही, त्याची माती ते ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार. आणि ते म्हणाले, राहू द्या. जे दोन शब्द आयुष्यभर धाकट्याच्याच ताटात पडले, ते आज माझ्या ताटात पडले... आणि पडले कधी, तर मी खोटं ढेकूळ घेऊन आलो त्या दिवशी.

धाकट्याच्या मात्र हे काही ध्यानात आलं नव्हतं. तो दोन्ही बरण्यांवर आळीपाळीने वाकत होता. "दोनदा नांगरून?" तो म्हणाला, आणि हसला, पण हसू अर्ध्यातच थांबलं. "मग मी बारा वर्षं लोकांना काय सांगत बसलो? बाबा, खालचं रान दादालाच द्या. त्याला काहीतरी जमलंय जे मला माहीत नाही."

त्याचा चेहरा उतरला होता. हा चेहरा उतरलेला बघायची केवढी हौस होती. किती वेळा, ट्रॅक्टरच्या आवाजात, मनातल्या मनात तो उतरवून पाहिला होता. एक क्षण गोडही वाटलं – खोटं कशाला बोलू, वाटलं. आणि मग धाकट्याने आपल्या ढेकळाकडे असं पाहिलं, की जणू त्याच्यावरचा विश्वासच उडाला. आणि तो गोडवा तोंडातच फिरला. बोल आता. एवढंच म्हण, बांधाची आहे. दोन शब्द. हात दाखवून अवलक्षण होईल, होऊ दे. तो बाबांकडे बघत राहिला. त्यांनी विचारावं म्हणून. ओरडावं, पुन्हा कर म्हणावं. सुतळी बांधावी.

"खालचं रान थोरल्याकडे," बाबा म्हणाले आणि काठी टेकत उठले.

बाहेर धाकटा त्याच्या मागोमाग आला. "दादा, उद्या सकाळी येतो तुझ्याकडे. नक्की कुठून काढलंस ती जागा दाखव. मला तिथली माती हातात घेऊन बघायचीये."

"वरच्या तुकड्यातली आहे," तो म्हणाला. म्हणजे पुन्हा खरंच बोलला.

"हो, पण जागा दाखव. शिकायचं म्हणतोय रे, भांडायला नाही येत."

दुपारी घरी बायकोने विचारलं, काय झालं, आणि त्याने सांगितलं, मिळालं. ती बरं म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग जेवत का नाही?"

उन्हं उतरताना तो फावडं घेऊन बांधावर गेला. खड्डा होता तसाच होता, टोपलीएवढा, कडा उभ्या, आणि कडांमधून मुळं सगळीकडून आत डोकावत होती. त्याने वरच्या तुकड्यातली माती फावड्याने ओढून खड्ड्यात टाकली. ती पिठासारखी सरकली. दाबली, तर खाली बसली. आणखी टाकली, रंगच वेगळा, फिका, दहा पावलांवरून कोणालाही दिसेल असा. बांधाची माती काळी आणि ही राखाडी, आणि दोघींमध्ये अंतर किती, तर एका पावलाचं. बारा वर्षं दुसऱ्याच्या उताराकडे बघत राहिलो, आणि माझ्या रानात माझ्या हातून जिवंत सुटलेलं काही असेल तर ते एवढंच, जिथे मला हात लावू दिला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याला हसू आलं, पण ते बाहेर पडेना.

तो गवतात बसला. पलीकडे उतारावर धाकटा कोंबड्या आत घेत होता. लांबून त्याची नुसती शीळ ऐकू येत होती, रोजच्यापेक्षा जरा मंद. हेवा कुठे आहे, म्हणून त्याने सवयीने चाचपून पाहिलं, दुखरा दात जिभेने चाचपावा तसा. होता. पण तो उताराकडे जात नव्हता. तो इथेच होता, या सहा फुटांवर, या गवतावर... ज्याच्याकडे चाळीस वर्षांत कोणी काही मागितलं नाही, ज्याला कोणी सुतळी लावून सरळ केलं नाही. मी बारा वर्षांचा असताना मला कोणीतरी या बांधासारखं सोडायला हवं होतं. एक दिवस. अर्धा दिवस तरी.

खिशात हात गेला तेव्हा सकाळचं मूळ बोटाला लागलं. ते त्याने खड्ड्याच्या कडेला ठेवलं. मग वाकून टाकलेली राखाडी माती तो दोन्ही हातांनी खड्ड्यातून बाहेर काढू लागला, ओंजळ ओंजळ, सगळी, तळाची काळी माती दिसेपर्यंत. सकाळी धाकट्याला काय सांगायचं, ते त्याने ठरवलं नव्हतं. वरच्या तुकड्याकडे न्यायचं की इथे, तेही नाही. काम झाल्यावर हात झटकून तो उभा राहिला, फावडं उचललं, आणि निघता निघता पुन्हा वळून उघड्या खड्ड्याकडे पाहिलं.

राहू दे, तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, आणि आवाज बाबांचा निघाला.