कबुतरांसाठी टांगलेली सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. माझ्या पोटात बारा गाणी आहेत आणि त्यांतले एकही आमच्या घरचे नाही. सगळी दुसऱ्यांची, उसनी. आमच्या घरच्या दोघी गायिका बहिणींच्या जोडीला गाऊन पंचवीस वर्षे झाली, म्हणून कंपनीने त्यांच्या आवाजात इतरांच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह काढला. उसनी गाणी त्या अशी गायच्या की मूळ गायकाला वाटावे, आपलेच काहीतरी चुकले होते.

सगळे त्यांना मोठी आणि धाकटी म्हणत. मुलाखतीत मोठीच बोलायची. धाकटी शेजारी बसून नुसती हसायची. माझ्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी धाकटी आजारी होती, तिला दम लागायचा. शेवटच्या गाण्यात तिची ओळ आली आणि श्वास पुरला नाही. ती हळूच म्हणाली, "ताई, तू घे." मोठीने ओळ उचलली, गाणे पुढे गेले.

कंपनीने ते तीन शब्द कापले. माझ्या बहिणी, म्हणजे विक्रीच्या बाकी सीड्या, तुकतुकीत वेष्टणात, दोघींच्या फोटोसकट बाजारात गेल्या. मी मात्र कापण्याआधीची प्रत, मोठीला ऐकायला म्हणून दिलेली. ना फोटो, ना नाव. रूपाने मी डावी, पण ते शब्द फक्त माझ्यापाशी होते आणि त्याचा मला भलताच तोरा होता.

काही महिन्यांत धाकटी गेली. तिची मुलगी तेव्हा नुकती रांगत होती. ती मोठीकडेच वाढली. बाजारातली सीडी घरात वाजायची, पण मला ऐकायचा धीर मोठीला कधीच झाला नाही. तिने मला टेबलाच्या खणात, जुन्या वायरींखाली ठेवले. ठेवले कसले, टाकलेच म्हणा. तिथे पडल्या पडल्या मला फार एकटे वाटायचे.

पोरगी मोठी झाली. बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला तेव्हा तिने खण उचकला. मी तिला बिननावाची दिसले. तिने भोकातून दोरा ओवला आणि मला गजाला टांगले. तिची तरी काय चूक? कबुतरे चार दिवस बिचकली, मग माझ्या नाकावर टिच्चून शेजारीच बसू लागली. मी उन्हापावसात गजावर आपटत राहिले.

एकदा जेवताना तिने मावशीला विचारले, आई बोलायची कशी? गाणी तिला सगळी तोंडपाठ होती. पण गाताना आवाज वेगळाच लागतो, हे गाणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला कुणी सांगावे लागत नाही. मोठीचा घास हातातच राहिला. मग तिने माझी सगळी हकीकत सांगितली. दोघींनी खण उपसला, कपाटे उपसली. मी खिडकीपलीकडून बघत होते. एकाएकी पोरगी थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "ती मी कबुतरांसाठी टांगलीय."

मोठी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने मला मऊ फडक्याने पुसले आणि माळ्यावरचा प्लेअर काढला. मित्रांनो, सीडी आतून बाहेर वाजत जाते. शेवटचे गाणे कडेला असते, आणि माझी कडाच आपटून सोलवटली होती. अकरा गाणी मी अडखळत का होईना म्हटली. बारावे सुरू झाले. पोरगी प्लेअरला कान लावून बसली. धाकटीची ओळ जवळ आली. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण नुसती खरखर झाली आणि मी बंद पडले.

पोरीने प्लेअरपासून कान उचलला.

"मावशी, तू म्हणून दाखव ना. अगदी तिच्यासारखं."

मोठी म्हणाली, "ताई, तू घे." मग पुन्हा म्हणाली. मग आणखी हळू. शेवटी तिने मान हलवली. "नाही ग. तिच्यासारखं नाही येत मला."

साऱ्या जगाची गाणी तिच्या गळ्यात बसली होती. बहिणीचे तीन शब्द बसले नाहीत.

आता मी पुन्हा खणात आहे, मऊ कापडात गुंडाळलेली. माझ्यावर धाकटीचे नाव लिहिले आहे. एवढ्या मानाचे आता मी काय करू? मित्रांनो, जे ऐकायचा धीर होत नाही, ते नका ऐकू. पण त्यावर नाव तरी लिहा, आणि धीर येईपर्यंत ते जपून ठेवा.

पोरगी अधूनमधून खण उघडते. मला कापडातून काढते, क्षणभर कानाशी धरते आणि परत ठेवते.