वरच्या कुरणाचा मध

शंभरात बावीस. मी पुन्हा मोजले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले, तरी बावीसच. वाऱ्याने उडून येणारे धरूनही वरच्या कुरणाच्या मधात चेस्टनटच्या झाडाचे पराग शंभरात पंधरापेक्षा जास्त चालत नाहीत, आणि त्या कुरणात मधपेट्या ठेवणारा माणूस एकच आहे. तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा.

मला आनंद झाला, हे आधीच सांगून टाकते. नंतर कबूल करण्यात काही अर्थ नसतो.

मी मध तपासणी केंद्रात काम करते. मध पाण्यात विरघळवायचा, यंत्रात गरगर फिरवायचा, तळाला बसलेला गाळ काचपट्टीवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली त्यातले पराग मोजायचे. माशी पेटी सोडून दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडे फारशी जात नाही, त्यामुळे पेटी कुठे होती ते पराग बरोबर सांगतात. माणसं थापा मारतात. परागांना ते जमत नाही.

आणि मेहुण्यांवर माझा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. पंधरा वर्षांत त्यांनी मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही. मला उलट उत्तर न देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असा माझा अनुभव आहे.

आमच्या केंद्राच्या भिंतीवर डोंगराचा एक जुना तक्ता आहे. पायथ्याला पिवळा पट्टा, म्हणजे उष्ण, कोरडा गवताळ प्रदेश. त्यावर पानझडीचं जंगल, चेस्टनट तिथला. त्याच्यावर सूचिपर्णी झाडं, बर्फ घसरून जावं म्हणून उतरत्या फांद्यांची. आणि सगळ्यात वर कुरण, जिथे उन्हाळा इतका आखूड असतो की झाडाला लाकूड धरायला वेळच मिळत नाही. तिथे फक्त गवत आणि फुलं. त्यांनाही आठ-दहा आठवड्यांत सगळं उरकायचं असतं, म्हणून ती एकदमच फुलतात. त्या घाईगर्दीतल्या मधाला केंद्राचा खास शिक्का मिळतो. चेस्टनट आणि कुरण यांच्यामध्ये सूचिपर्णी जंगलाचा बारा किलोमीटरचा पट्टा आहे. इतक्या लांब माशी जाऊ शकत नाही, पण पेट्या भरलेली गाडी जाऊ शकते.

मी जुन्या काचपट्ट्या बाहेर काढल्या. माझ्या आधीचे साहेब मर्यादेच्या आत आहे एवढं बघून पास करायचे. मी गेल्या नऊ वर्षांचे आकडे एका कागदावर ओळीने मांडले: तीन, तीन, पाच, सहा, नऊ, अकरा, तेरा, चौदा, आणि आता बावीस. माणूस कसा निर्ढावत जातो ते मला त्या कागदावर स्वच्छ दिसलं. आधी एक-दोन पेट्या खालच्या जंगलात नेऊन बघितल्या असतील. कुणी ओरडलं नाही, म्हणून चार नेल्या. मग लाजच सोडली.

धाकटीला फोन केला. ती आधी हसली, मग चिडली. शिक्का गेला तर साध्या मधासाठी तेवढ्या उंचावर कुणीही गाडी पाठवणार नाही, घर बंद करून खाली शहरात यावं लागेल, हे तिने मला जणू मला माहीतच नाही अशा थाटात सुनावलं. शेवटी म्हणाली, "तू ह्यांना चोर म्हणतेस?" मी म्हटलं, मी काहीच म्हणत नाही, पराग म्हणतात. तिने फोन ठेवला.

शिक्का नाकारायचा तर जागा स्वतः बघावी लागते, असा नियम आहे. चौथ्या दिवशी मी केंद्राच्या जीपमधून निघाले. चाळीस किलोमीटरच्या चढात अर्धी पृथ्वी बघून होते. खाली घामाच्या धारा आणि वर स्वेटर. पण माझं लक्ष निसर्गात नव्हतं. चेस्टनटच्या जंगलात मी दोनदा गाडी थांबवून झाडांमागे पेट्या शोधल्या. ड्रायव्हर बिचारा गाडी कडेला घेऊन थांबत होता. सूचिपर्णी पट्ट्यात निम्मी झाडं तपकिरी होऊन उभी होती. मला वाटलं आग लागली असेल. ड्रायव्हर म्हणाला, खोडकिडा आहे, पूर्वी हिवाळ्यात गारठून मरायचा, आता तेवढी थंडीच पडत नाही. मी हो हो केलं आणि मातीत चाकांच्या खुणा दिसतात का ते बघत राहिले.

धाकटी दारातच उभी होती. आत ये म्हणाली नाही, नको असंही म्हणाली नाही. मेहुणे घरात नव्हते. मी सरळ मागच्या शेडकडे गेले. रिकाम्या चौकटी, धुराचा डबा, मेणाचे गोळे. सगळं मधवाल्याच्या घरात असावं तसंच. आणि कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेला फांद्यांचा ढीग. लांबट, दातेरी पानं, त्यावर पिवळट तुरे. चेस्टनट, तोही ताजा तोडलेला. शेजारी करवत पडली होती.

मी फांदी उचलून धाकटीच्या समोर धरली. "हे इथे कसं आलं?"

तिला माहीत नव्हतं. ते रोज पहाटे निघतात आणि दुपारी येतात, कुंपणाचं काम आहे म्हणतात, एवढंच ती सांगू शकली. बोलता बोलता ती मध्येच थांबली. कुंपण तर गेल्याच वर्षी नवीन घातलं होतं. माझा संशय तिच्या तोंडावर उतरलेला मी पाहिला, आणि खरं सांगते, मला तेव्हाही वाईट वाटलं नाही.

मेहुणे दुपारी आले. शर्टभर लाकडाचा भुसा होता. माझ्या हातातली फांदी बघून ते दचकले नाहीत, नुसते थकल्यासारखे दिसले. "चला ताई," म्हणाले, "दाखवतो. तूही चल गं."

मला वाटलं गाडीत बसायचंय, खाली जायचंय. पण ते चालायला लागले. पेट्या ओलांडून कुरणाच्या खालच्या कडेपर्यंत गेलो. जेमतेम दहा मिनिटं लागली असतील.

तिथे बुंधे होते. काही मनगटाएवढे, काही मांडीएवढे, काही काळे पडलेले आणि काही आजच कापलेले, अजून ओले. शंभरएक तरी असतील. आणि प्रत्येक जुन्या बुंध्यातून पाच-सहा नवे धुमारे सरळ वर आलेले. त्यांच्या खाली मेलेल्या सूचिपर्णींमधल्या मोकळ्या जागांत उतारभर चेस्टनट उभे होते, तुऱ्यांनी पिवळे झालेले. मेहुण्यांच्याच पेट्यांतल्या माशा डोक्यावरून तिकडे चालल्या होत्या.

"पहिलं रोप सापडलं तेव्हा गुडघ्याएवढं होतं," मेहुणे म्हणाले. "पाखरांनी बी आणलं असेल. पूर्वी थंडी असल्या रोपांना जगू देत नव्हती. मी उपटून टाकलं. मग आणखी आली. आता एक कापलं की पाच फुटतात. तुरे तिथेच पडले तर माशा त्यांवर बसतात, म्हणून फांद्या घरी आणून झाकतो."

"मग कळवलं का नाही?" माझा आवाज अजून तपासनिसाचाच होता.

"कुणाला? तुम्हाला? तुम्ही लिहून घेतलं असतं."

तीन, तीन, पाच, सहा, नऊ. एक माणूस निर्ढावत जातो असं मी ज्याला समजले होते, ते एक जंगल होतं, दरवर्षी थोडं थोडं वर सरकणारं. हे कुणाला समजायला हवं होतं, तर मला. कुठल्या हवेत काय जगतं यावर माझी नोकरी चालते. पण हवा बदलली असेल अशी शंका मला आली नाही. माणसाची मात्र लगेच आली.

त्यांच्या घरी परत येऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म काढला. नाकारण्याची कारणं त्यावर छापलेलीच आहेत, फक्त खूण करायची: भेसळ, पेट्यांची जागा बदलली, अस्वच्छता. तिन्हीपैकी एकही लागू नव्हतं. मी खालच्या कोऱ्या जागेत हाताने लिहिलं की मध शुद्ध आहे, पेट्या सांगितलेल्या जागीच आहेत, पण ती जागा आता उंच कुरण राहिलेली नाही.

मेहुण्यांनी वाचलं आणि सही करायला पेन मागितलं. बरोबर लिहिलंय, एवढंच म्हणाले. मग पेट्यांकडे निघून गेले.

धाकटीने मात्र फॉर्म उचलून दोनदा वाचला. "हे चोर असते तरी शिक्का गेला असता," ती म्हणाली. "चोर नाहीत, तरी जाणारच. मग तू इतक्या लांब आलीस कशाला ताई?"

"खात्री करायला," मी म्हटलं.

ते खरं नव्हतं. मी त्यांना पकडायला आले होते, आणि फांदी उचलून धरताना मी किती खूश होते ते तिने समोर उभं राहून पाहिलं होतं. शिवाय मघाशी थोडा वेळ का होईना, मी तिलाही तिच्या नवऱ्यावर संशय घ्यायला लावलं होतं. तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि मी सही करेपर्यंत ते उचललं नाही.