मशीनच्या खणातला जबडा

मी एक जबडा बोलतोय. खरा नव्हे, पांढऱ्या प्लास्टरचा. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या, लग्नाआधीच्या दातांचा मी साचा. माझे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. हे सांगतानाही ओशाळल्यासारखं होतं, कारण माझं बहुतेक आयुष्य लपण्यातच गेलं.

बाई विशीत होती. तिने गुलाबी लगद्यात दात रोवले, त्या ठशात कुणीतरी प्लास्टर ओतलं आणि मी झालो. मला समोर ठेवून डॉक्टरांनी तिच्या खालच्या जबड्याचं हाड कापून मागे घेतलं. त्यानंतर कुठे तिने तोंडावरचा हात काढून पहिला फोटो काढला. मग स्थळ आलं, लग्न झालं. नवऱ्यापाशी ऑपरेशनबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. मला फेकायलाही तिचा हात धजावला नाही. चिंधीत गुंडाळून तिने मला मशीनच्या खणात कोंबलं.

तिचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच, त्यामुळे सगळं कानावर यायचं. मुलगी झाली, बिट्टी. तिचे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते थेट माझ्यासारखे.

“डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाचा जबडा असा आहे का,” नवरा एकदा बिट्टीला दातांच्या दवाखान्यात दाखवून आल्यावर म्हणाला. “आपल्याकडे तर कुणाचाच नाही. तूही तेच सांगितलंस. मग हिलाच कसं? दिवसभर जीभ दातांवर रेटत बसते, दुसरं काय!”

बाईचं मशीन जोरात चालू झालं.

नवरा शाळेत कवायत शिकवायचा. सवय मोडली की सगळं सरळ होतं, यावर त्याचा भारी विश्वास. “बिट्टी, तोंड मीट!” हे उठता-बसता चालायचं. पोरीचं नाक कायम चोंदलेलं. तोंड मिटलं की तिचा जीव गुदमरायचा. डॉक्टरही म्हणाल्या होत्या, घरात कुणाचं नाही तर थोडं थांबून बघू. अशी दोन वर्षं गेली.

एका दुपारी बिट्टी दुकानात आली. “आई, एक जाड पट्टी दे ना.”

“कशाला गं?”

“हनुवटी बांधायला. शाळेतून आले की मी रोज बांधते. जीभ नाही लावत आता, शप्पथ. तरी हनुवटी पुढेच येते.”

मशीन थांबलं. मग खण उघडला.

दुसऱ्या दिवशी बाई नवऱ्याला आणि बिट्टीला घेऊन दवाखान्यात गेली आणि तिने मला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. “हा माझा,” ती म्हणाली. नवऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या हनुवटीकडे. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

डॉक्टरांनी मला बिट्टीच्या नव्या साच्याशेजारी धरलं. “ही ठेवण घरातूनच आलीय. बिट्टीचा यात काही दोष नाही. पण जनुकं आली म्हणजे सगळं ठरलंच असंही नाही. तोच गुण एका भावंडात गप्प राहतो, दुसऱ्यात बोलायला लागतो. चोंदलेलं नाक, तोंडाने श्वास, यांनी किती फरक पडतो ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. आधी नाकाचं बघू. वरचा जबडा पुढे ओढणारा पट्टा लगेच लावू. हे आधी कळतं तर बरं झालं असतं.”

त्या पट्टा आणायला आत गेल्या.

“मला का नाही सांगितलंस?” नवऱ्याने विचारलं.

“तुम्ही लग्नाला नाही म्हणाला असतात.”

“म्हणालो असतो बहुतेक,” तो खाली बघत म्हणाला. मग बिट्टीकडे वळला. “तुला उगाच रागावलो गं मी.”

“मग आता तोंड उघडं ठेवू?” बिट्टीने विचारलं. त्याने खिशातला रुमाल काढून तिचं नाक पुसलं.

आता मी दवाखान्याच्या काचेच्या कपाटात असतो. बिट्टीचे वरचे दात थोडे पुढे आलेत. मोठेपणी ऑपरेशन लागेल की नाही, ते आज कुणी सांगू शकत नाही. बाई तिला घेऊन येते, पण माझ्याकडे बघत नाही. तिला अजून लाज वाटते. मलाही वाटते, डॉक्टरांनी विचारल्यावरही दोन वर्षं अंधारात गप्प पडून राहिल्याची. तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला वेळेवर बाहेर काढा.