बास म्हटलं की बास

पवनेच्या धरणाचं काम संपलं आणि नवशा जो रिकामा बसला, तो बसलाच. वाडीत म्हशी राखायलाही त्याला कुणी विचारीना. काम नाही म्हणून कोंडूआबा आपली मुलगी द्यायला तयार नव्हते. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही दिली नसती, असं नवशा प्रामाणिकपणे कबूल करी.

शेवटी लोणावळ्याच्या शालूबाईंनी त्याला आपल्या वर्गात घातलं. वाडीवरच्या बेकार पोरांना हॉटेलातलं काम शिकवायचं आणि नोकरी टिकेपर्यंत पाठीशी उभं राहायचं, हा बाईंचा उद्योग.

नवशाचं घोडं अडलं ते वाढण्यात. वाडीत पाहुणा 'नको' म्हणतो ते नुसतं रीत म्हणून. ते ऐकून थांबेल तो कद्रू. हॉटेलात पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं ताटावर हात आडवा धरला, तर नवशानं शपथ घालून शिरा त्याच्या मनगटावर वाढला. मालक भडकला. "उद्यापासून येऊ नकोस!"

"आठवडाभर मी त्याच्या मागं उभी राहते," शालूबाई म्हणाल्या. "मग काय ते ठरवा."

आणि खरंच उभ्या राहिल्या. नवशाच्या ओठांवर 'घ्या हो' आलं, की त्या खोकत. बाईंना क्षय झालाय, अशी आचाऱ्याला शंका येऊ लागली. पण नवशाला वळण लागलं. बास म्हटलं की बास. नोकरी पक्की झाली.

बातमी कळताच कोंडूआबा सोयरीक ठरवायला जेवायला आले. नवशानं हॉटेलचा पांढरा डगला चढवून स्वतः वाढलं. एक भाकरी संपवून आबांनी रीतीप्रमाणे हात आडवा केला. "बास, बास."

नवशा अदबीनं मागं सरला. चुलीपाशी आई कपाळ बडवून घेत होती. त्याला वाटलं, आनंदानं.

आबांनी बराच वेळ वाट पाहिली. मग हात धुऊन टोपी उचलली. "नोकरी लागली खरी, पन ह्या घरात माझी पोर उपाशी मरंल."

नवशा बेकार होता तेव्हा मुलगी मिळेना, आता नोकरीच्या गुणानं जात होती. दोन्हीकडून नापास होणारा असा नमुना मावळात दुसरा नसेल! तो दारात आडवा झाला.

"आबा, माझ्या गळ्याची आन हाये! तुमी न्हाई जेवला तर मी बी जेवनार न्हाई!"

आबा झटकन पाटावर बसले. "मगाशी काय तोंड शिवलं व्हतं का रं? लय भूक लागलीय मला."

आबा 'बास, बास' म्हणत राहिले, नवशा वाढत राहिला, आणि मागं कुणीही खोकलं नाही.