मूळ दस्तात काय लिहिलंय

सरकारी कचेरीतून सोयरा बाहेर पडली तेव्हा तिचा अर्ज तिच्याच हातात होता. शिष्यवृत्तीसाठी म्हैसूर राज्यात जन्मल्याचा दाखला हवा होता, नाहीतर लहानपणापासून इथंच राहिल्याचा पुरावा. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. कारकून माणूस वाईट नव्हता.

"कुठं तरी जन्मली असशीलच ना, अम्मा?" त्यानं विचारलं.

"मालगाडीत," सोयरा म्हणाली. "सर्कशीच्या."

कारकून हसला, सोयराही हसली, आणि अर्ज परत मिळाला.

पण ते खरंच होतं. तिचे वडील रघुजी तंजावरकडच्या मराठ्यांतले. एका फिरत्या सर्कशीत ते तंबू शिवायचे. बेचाळीस साली सर्कशीची गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकून पडली होती, तेव्हा सोयरा झाली. कुठली स्टेशनं, ते रघुजींना कधी सांगता आलं नाही. "नदी होती, पूल होता, आणि गार्ड तेलुगू बोलत होता," एवढंच ते सांगायचे. सोयरा सहा वर्षांची असताना आई तापानं गेली. पुढं एक्कावन्न साली बेंगळुरात मुक्काम असताना तंबूचा खांब रघुजींच्या पायावर पडला. सर्कस पुढं गेली. रघुजी नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन कॉटनपेटेत थोरल्या बहिणीकडे, अंबुबाईंकडे, राहायला आले ते कायमचेच. मोटारींच्या गाद्या शिवणाऱ्या एका दुकानात त्यांना काम मिळालं.

नऊ वर्षांच्या सोयराला तेव्हा चार भाषांत बोलता यायचं आणि अक्षर एकाही भाषेतलं येत नव्हतं. दहा वर्षांत, मधल्या दोन इयत्ता ओलांडून, ती प्री-युनिव्हर्सिटी पास झाली. गणितात कॉलेजात पहिली.

गणिताच्या लेक्चरर राजलक्ष्मी यांनी तिचा परत आलेला अर्ज वाचला आणि घडी करून टेबलावर ठेवला. "सरकार म्हणजे काही एकटंच दार नाही," त्या म्हणाल्या. "बळेपेटेत गुंडो नाईक निधी आहे. कापडाचे व्यापारी होते. मरताना दोन इमारती मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून गेले. तिथं जा."

सोयरा दुसऱ्याच दिवशी गेली. निधीचे सेक्रेटरी जयतीर्थाचार टपाल खात्यातून निवृत्त झालेले, कोट, पगडी, कपाळावर अंगारा. मुलगी मराठी बोलते म्हटल्यावर ते खुलले, छापील फॉर्मही दिला. पण तिनं तो तिथंच भरून पुढं केला तेव्हा त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं.

"जन्मस्थळ रिकामं आहे. दाखला जोडायला हवा."

"दाखला नाहीये. नसणारच." तिनं कारण सांगितलं.

"मग कठीण. स्वल्प विचार कर, कुठून तरी मिळव. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

घरी हे अंबुबाईंना कळलं. जेवणं झाल्यावर त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून एक कागद काढून सोयरापुढं धरला. नगरपालिकेचा जन्माचा दाखला. साल एकोणीसशे बेचाळीस, गाव बेंगळूर, आईचं नाव अंबुबाई. मुलाच्या नावाच्या जागी नुसतंच 'स्त्री अपत्य'.

"माझी होती. बारशाआधीच गेली," अंबुबाई म्हणाल्या. "नाव नाहीये त्यावर. कोणाला कळतंय? तू घे."

रघुजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग मुलीकडे. "घे म्हणते तर घे," ते हळूच म्हणाले. "मी तर तुला एवढाही कागद दिला नाही."

सोयरानं कागद दोन्ही हातांत घेऊन वाचला. आत्यानं वीस वर्षं हा कुणाला दाखवला नव्हता, आत्याच्या नवऱ्यालाही त्याची आठवण नसेल. सोयराला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिनं तो अंबुबाईंच्या मांडीवर परत ठेवला.

"हे तिचं आहे, आत्ते. तिचं एवढंच आहे. मी जितीजागती आहे, मला माझ्याच नावानं मिळेल."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर दुसरीकडे मागीन. पण त्या फॉर्मात मला एक गोष्ट कळली नाही. व्यापाऱ्यानं मरताना 'म्हैसूर राज्याचा रहिवासी' असं कशाला लिहिलं असेल? ही तर सरकारी भाषा आहे."

हाच प्रश्न घेऊन ती पुन्हा बळेपेटेत गेली.

"हा फॉर्म कुणी केला, आचार?"

"मीच. तीन वर्षांपूर्वी." जयतीर्थाचारांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "आधी कोऱ्या कागदावर अर्ज यायचे, नुसता गोंधळ. मी सरकारी शिष्यवृत्तीचा नमुना आणला आणि तसाच छापून घेतला."

"आणि गुंडो नाईकांनी स्वतः काय लिहिलं होतं?"

आचारांनी चष्मा काढला. "मूळ दस्त बँकेत आहे. पोरीसोरींना दाखवायला नाही."

"सरी, ठीक आहे," सोयरा म्हणाली आणि नमस्कार करून उठली.

इमारती दान दिल्या म्हणजे दस्त नोंदलेला असणार, आणि नोंदलेल्या दस्ताची नक्कल कोणालाही मागता येते, हे तिला राजलक्ष्मींनी सांगितलं. नोंदणी कचेरीत तिला चार फेऱ्या माराव्या लागल्या. पहिल्या दोन फेऱ्यांत दस्ताचं साल सापडेना, तिसऱ्या फेरीला साहेब रजेवर. चौथ्या फेरीला शिक्का मारलेली नक्कल हातात पडली. कचेरीच्या पायरीवर बसून तिनं ती शेवटपर्यंत वाचली. 'बेंगळूर शहरात राहून शिकणारा कोणीही गरजू विद्यार्थी, जात व गाव न पाहता.' जन्माचा शब्दही नव्हता. अट एकच होती: घरपट्टी भरणाऱ्या दोन शहरवासीयांनी अर्जदाराला पाच वर्षं ओळखत असल्याचं लिहून द्यावं.

अंबुबाई भाड्याच्या घरात राहत होत्या, त्यामुळे त्यांची सही चालणार नव्हती. राजलक्ष्मींचं मल्लेश्वरमला स्वतःच्या नावावर घर होतं, पण सोयराला त्या एकच वर्ष ओळखत होत्या. रघुजी काम करत त्या गादीच्या दुकानाचे मालक हंबीररावांनी मात्र लगेच पेन काढलं. "दहा वर्षं बघतोय. माझ्या दुकानातले हिशेब चुकले की हीच सांगते." दुसरी सही सत्यवतीबाईंची. त्यांच्या नातवाला सोयरा सहा वर्षं गणित शिकवत होती. बाईंनी सही करण्याआधी मजकूर तीनदा वाचला आणि 'प्रामाणिक' हा शब्द स्वतःच्या हातानं वाढवला.

निधीची बैठक जून महिन्यातल्या एका शनिवारी झाली. अध्यक्ष भीमसेन हे वकील, मोठ्या मिशांचे. सोयरानं अर्जासोबत नक्कल जोडली होती आणि जन्मस्थळाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'चालत्या सर्कशीच्या गाडीत, गाव ठाऊक नाही.'

"चालत्या?" भीमसेनांनी मान वर केली. "जयतीर्थ तर म्हणाले गाडी अडकली होती."

"अडकली होती, साहेब. तेवढा शब्द माझा चुकला. दुरुस्त करते." तिनं त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि शब्द खोडला.

भीमसेनांनी खोडलेला शब्द पाहिला. "तुला कुठलंच गाव नाही. उद्या वडिलांनी तंबू उचलला आणि गेलात, तर निधीचं काय?"

"अण्णांना तो पाय घेऊन जाता येणार नाही. आणि मला जायचं असतं तर नोंदणी कचेरीत चार वेळा गेले नसते."

कोपऱ्यातून खोकल्याचा आवाज आला. जयतीर्थाचार उभे राहिले. सोयराला वाटलं, आता फॉर्मची बाजू मांडणार. "अध्यक्ष," ते म्हणाले, "तो रकाना माझी चूक होती. तीन वर्षांत त्या रकान्यापायी आठ अर्ज मी परत केलेत. माझ्याकडे त्यांची नावं आहेत. या मुलीचं जे ठरेल ते ठरो, त्यांना मी पत्रं लिहिणार आहे."

भीमसेनांनी दस्ताची नक्कल पुन्हा पुढं ओढली आणि त्यातलं वाक्य सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

सोयराला एका वर्षाची फी मंजूर झाली. वसतिगृह नाही, पुस्तकं नाहीत. पहिल्या वर्गात पास झाली तरच पुढच्या वर्षाचं बघू, असं ठरलं. "बघावंच लागेल तुम्हाला," ती म्हणाली, आणि मग आपण कुणाशी बोलतोय हे आठवून जीभ चावली. भीमसेन मिशीत हसले.

फी भरायला रघुजी स्वतः आले. हंबीररावांचा कोट त्यांनी मागून आणला होता आणि तो खांद्यांवर ढगळ होत होता. कॉलेजच्या खिडकीशी रांग मोठी होती. सोयरा म्हणाली, अण्णा, बसा तुम्ही, मी उभी राहते. ते बसले नाहीत. दीड तास लंगड्या पायावर उभे राहिले, आणि पावती हातात आल्यावर मागच्या अनोळखी माणसाला, त्यानं न विचारताच, कन्नडात म्हणाले, "माझी मुलगी. बी.एस्सी.ला आहे. गणित."