बुधवारचा ई-पाच

मला घरात आणल्यावर कोणाच्या पदरात काय पडणार, हे मी लिफ्टमधून वर येण्याआधीच ठरून गेलं होतं. तेजश्रीला रविवार मोकळा मिळणार होता. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, चौसष्ट पानांची माहितीपुस्तिका वाचायला मिळणार होती. कामाला येणाऱ्या मंदाचे ओल्या बादल्या घेऊन गच्चीवर जायचे जिने वाचणार होते, म्हणजे गुडघाही वाचणार होता. आणि अप्पांच्या पत्नी उषाताईंना काय मिळणार होतं? काहीच नाही. उलट त्यांचंच काहीतरी जाणार होतं. पण ते त्या कोणाला बोलल्या नाहीत, आणि न बोललेली गोष्ट कोणी धरत नाही.

मित्रांनो, मी कपडे वाळवणारा ड्रायर आहे. आता मला जुना म्हटलं तर राग येत नाही, एवढा जुना. कारखान्यात माझ्या पोटात पहिल्यांदा एक ओला टॉवेल टाकला गेला, तो मी कोरडा करून दिला, आणि माझ्या पाठीवर पास झाल्याचा कागद चिकटला. मग बडोद्याच्या एका दुकानात मी तीन महिने नुसता उभा होतो. इथं ऊन इतकं फुकट, की लोक माझं दार उघडायचे, आत डोकावायचे आणि “तडको छे ने”, ऊन आहे की, म्हणून पुढे जायचे. त्यांचं चूक नव्हतं.

मग निजामपुऱ्यातल्या एका सोसायटीने गच्चीभर सोलरच्या पाट्या बसवल्या. वाळत घालायच्या तारा निघाल्या, गच्चीच्या दाराला कुलूप लागलं आणि मला घर मिळालं. गंमत बघा, वर पाट्यांवर पडणारं ऊन विजेच्या तारेतून खाली येतं आणि त्यावर मी फिरतो. म्हणजे कपडे अजून उन्हातच वाळतात, मी आपला मधला दलाल. त्या पाट्यांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मी विसरत नाही.

माझी भाषा फार तोकडी आहे. एक अक्षर आणि एक आकडा, संपलं. दार नीट लागलं नाही की ई-एक. पाण्याची टाकी भरली की ई-दोन. जाळीत कपड्यांचा भुसा साठला की ई-तीन. आणि पोटातल्या दोन पत्र्याच्या पट्ट्यांना ओलावा कळेनासा झाला की ई-पाच. ओला कपडा त्या पट्ट्यांना घासत जातो, त्यावरून मला समजतं की अजून किती फिरायचं आहे. पट्ट्यांवर काही साचलं, की मी आंधळा. मला अडचण सांगता येते. ती कोणामुळे झाली, ते मात्र सांगता येत नाही. पुढचं सगळं रामायण त्यामुळेच झालं.

माणसांची दुरुस्तीची रीत मी जवळून पाहिली आहे. पहिल्यांदा बटण बंद करून चालू करतात. मग पाठीवर थाप मारतात. मग शेजाऱ्यांना विचारतात. पुस्तिका शेवटी उघडतात. अप्पा तेवढे वेगळे. चौतीस वर्षं हिशेब तपासनीस म्हणून नोकरी केलेला माणूस. त्यांनी माझ्या नावाची वही घातली. तारीख, वार, कोणता आकडा, काय केलं, कधी सुरू झाला. एवढ्या मायेने माझी नोंद दुसऱ्या कोणी ठेवली नसती. आयुष्यभर लोकांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, पण मला त्यांनी निळ्या शाईत लिहिलं.

आता उषाताईंचं सांगतो. त्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांच्या सुती साड्यांना साबुदाण्याची खळ असे, आणि साडीचा तो खरखर आवाज त्यांच्या आधी वर्गात शिरायचा. मुलं त्या आवाजाला उठून उभी राहायची, असं मंदा मला पुसताना सांगायची. ती त्याच शाळेत शिकली होती.

मी आलो त्या दिवशी तेजश्रीने पुस्तिकेतली एक ओळ मोठ्याने वाचली. खळ घातलेले कपडे यात घालू नयेत. मग सासूकडे बघून म्हणाली, “आई, तुमच्या साड्यांसाठी गॅलरीत स्टँड लावू या का?”

उषाताई ताडकन म्हणाल्या, “छे गं, खळ मी कधीच सोडली. कोण करत बसतंय आता ते.”

सोडली नव्हती. त्या क्षणी सोडली. आपल्यापायी घरात वेगळी व्यवस्था लागावी, हे त्यांना नको होतं. म्हातारपणाची पहिली खूण कोणती, तर माणूस न मागताच नको म्हणायला लागतं.

अख्खा उन्हाळा त्या मऊ साड्या नेसल्या. दर गुरुवारी त्यांचं वाचन मंडळ असे. तिथे एकदा चारुलताबेननी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “उषाताई, तब्येत बरी नाही का? उतरलेल्या दिसता.” हे त्या घरी येऊन अप्पांना सांगत होत्या, आणि मी पलीकडे ऐकत होतो. अप्पा म्हणाले, “मला तर तशीच दिसतेस.” यात उषाताईंचं समाधान झालं असेल, असं मला वाटत नाही.

त्यानंतरच्या बुधवारी मंदा धुतलेले कपडे माझ्यात घालून भांड्यांकडे वळली. तेवढ्यात उषाताई आल्या. माझं दार उघडलं, खळीत बुडवून पिळलेल्या दोन साड्या आत सरकवल्या आणि दार लावलं. गॅलरीत स्टँडवर घातल्या असत्या तर साऱ्या घराला दिसल्या असत्या. माझं पोट बंद असतं. मित्रांनो, विश्वासाने कोणी काही पोटात ठेवलं की बरं वाटतं, हे मी नाकारत नाही.

तासाभराने मंदाने कपडे काढले. त्या दोन साड्या हाताला लागल्या, तशी ती थांबली. काही न बोलता त्यांची घडी करून उषाताईंच्या कपाटात इस्त्रीला ठेवलेल्या कपड्यांवर ठेवून आली. खळीची साडी दमट असतानाच इस्त्रीला घ्यायची असते, त्यामुळे त्या अर्धवट वाळून निघाल्या तरी उषाताईंना खटकलं नाही. दोघींमध्ये या विषयावर आठ महिन्यांत एक शब्द झाला नाही. तेजश्रीचा नवरा इंद्रनील याच्या बनियनला मात्र आयुष्यात पहिल्यांदा कडकपणा आला. त्याने बिचाऱ्याने तोही निमूट घातला.

खळ माझ्या पट्ट्यांवर बसत गेली. पातळ, पांढरी, दिसेल न दिसेल अशी. मग एका बुधवारी मला ओलावा कळेना आणि मी ई-पाच दाखवला. दुसऱ्या दिवशी ओल्या टॉवेलांनी घासून पट्ट्या जरा मोकळ्या झाल्या, मी चालू झालो. पुढच्या बुधवारी पुन्हा ई-पाच.

“विजेचा दाब कमी पडतोय,” अप्पा म्हणाले आणि स्टॅबिलायझर आणला. ई-पाच. प्लग बदलला. ई-पाच. तेजश्रीने मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले आणि निकाल दिला, “मंदा, तू कपडे कोंबतेस.”

मंदाने उषाताईंकडे पाहिलं. उषाताईंनी निवडायला घेतलेल्या मेथीकडे पाहिलं.

“कमी घालीन, वहिनी,” मंदा म्हणाली.

तिने कमी घातले. थर जाड होत गेला आणि शेवटी मी रोजच अडायला लागलो. कपडे दमट निघायचे आणि रोज सकाळी मंदाला एक टोमणा मिळायचा. मी ई-पाच, ई-पाच ओरडत होतो. माझं प्रत्येक ओरडणं तिच्या नावावर जमा होत होतं. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

एका सकाळी तेजश्री म्हणाली, “गुरुवारी दुरुस्तीवाला येतोय. जमलं तर ठीक, नाही तर हा ड्रायर एक्स्चेंजमध्ये देऊ आणि कपडे लॉन्ड्रीला लावू. मंदाला भांडी-फरशीचं तेवढं ठेवू.”

कपड्यांचं काम म्हणजे मंदाचा अर्धा पगार. त्यावर तिच्या मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चाललं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, उषाताईंना सर्वांत जास्त. त्या दिवशी त्यांनी निवडलेल्या मेथीत काड्याच काड्या निघाल्या.

गुरुवारी सावली गावाकडचा एक तरुण दुरुस्तीवाला आला. दार उघडून त्याने बॅटरी मारली, पट्टीवर नख ओढलं. नखात पांढरं आलं. “पावडर बहु नाखो छो तमे लोको,” तो म्हणाला. “आवुं चाल्युं तो बोर्ड पण जशे.” म्हणजे धुण्याची पावडर जास्त पडतेय, असंच चाललं तर माझा आतला विजेचा बोर्डही जाईल.

“बघ, मंदा,” तेजश्री म्हणाली. “मी काय सांगत होते?”

“माप चुकत असेल माझं,” मंदा म्हणाली.

तेवढ्यात अप्पा वही घेऊन आले. “थांबा, माझ्याकडे पहिल्यापासूनच्या तारखा आहेत.” चष्मा चढवून त्यांनी वाचायला सुरुवात केली. “पाच तारीख, बुधवार. बारा तारीख, बुधवार. एकोणीस, बुधवार. सव्वीस…” इथे त्यांनी उषाताईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“पुढे वाचा ना, अप्पा,” तेजश्री म्हणाली.

“पुढे तसंच आहे,” अप्पा म्हणाले आणि वही मिटली. चौतीस वर्षांत याआधी कधी बेरीज न करता त्यांनी वही मिटली असेल, असं मला वाटत नाही.

दुरुस्तीवाला हुशार होता. “पावडर तो रोज नाखे ने, काका? तो बुधवारे जुदुं शुं थाय छे?” पावडर रोजचीच, मग बुधवारी वेगळं काय होतं, असा त्याचा सवाल.

मंदा ओट्याचा एकच कोपरा पुसत राहिली. मग उषाताईंनी मेथीची परात खाली ठेवली.

“भाई, ए पावडर नथी. साबुदाणानी खळ छे,” त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. “मी घालते. दर बुधवारी, दोन साड्या.”

“पण आई, तुम्ही तर सोडली होतीत.”

“सोडली होती. मग लोक विचारायला लागले, आजारी आहात का. साडी पडलेली दिसली की बाई पडलेली दिसते, तेजश्री. तुला नाही कळायचं, तुझी साडी वर्षातून दोनदा निघते.” मग त्या म्हणाल्या, “मंदाने कधी कोंबलं नाही, आणि मापही चुकवलं नाही. तिला सगळं माहीत होतं. ती बोलली नाही, हा तिचा चांगुलपणा. मी बोलले नाही, त्याला काय म्हणायचं ते तू म्हण.”

दुरुस्तीवाला हसला. “तो आमां बोर्डनो शुं वांक, माजी?” मग यात बोर्डचा काय दोष, असं म्हणत त्याने कोमट पाणी आणि फडकं मागितलं.

माझ्या पट्ट्या मंदाने पुसल्या, लहान मुलाचे कान पुसावेत तशा. मग जाळीवर पाणी ओतून पाहिलं तर ते तळ्यासारखं साचून राहिलं. तिथेही खळच. जुन्या दातांच्या ब्रशने तिने ती घासली, तसं पाणी झरझर खाली गेलं. ओला टॉवेल आत टाकला. मला ओलावा कळला. मित्रांनो, कित्येक दिवसांनी कोणाचा तरी हात हातात आल्यासारखं वाटलं.

फडकं पिळताना मंदा हळूच म्हणाली, “बाई, मला वाटलं तुम्ही नाहीच सांगणार.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” उषाताई म्हणाल्या.

आता गॅलरीत एक स्टँड आहे. तो तेजश्रीने स्वतः आणला, आणि बुधवारी त्यावर दोन साड्या राजरोस ताठ होतात. मंदाची तिने तोंडाने माफी मागितली नाही, तिच्या स्वभावात ते नाही. पण सकाळचा चहा आता ती स्वतः करते, आणि पहिला कप मंदाला देते. लॉन्ड्रीचं नाव पुन्हा निघालं नाही. अप्पांच्या वहीत त्या दिवसापुढे एवढंच लिहिलं आहे, ‘ई-पाच. कारण सापडलं. सुरू.’ कारण कोणतं, ते त्यांनी लिहिलेलं नाही.

माझं एकच मागणं आहे. घरातलं यंत्र आकडा दाखवायला लागलं, तर आधी त्याची जाळी बघा, पट्टी पुसा, आपण त्याच्या पोटात काय टाकलं ते आठवा. माणसाकडे बोट त्यानंतर दाखवा. तोवर बहुतेक वेळा बोट दाखवायची गरजच राहत नाही.

बाकी, या सगळ्यात कोणी किती भरलं ते सांगून टाकतो. तेजश्रीने एक स्टँड आणि रोजचा एक कप चहा. अप्पांनी एक अर्धवट बेरीज. मंदाने कित्येक सकाळींचे टोमणे, न केलेल्या चुकीचे. उषाताईंनी एक वाक्य, पण ते आठ महिने साठवलेलं होतं, म्हणून जड गेलं. आणि वाचलो मी. माझ्याकडून कोणी काही घेतलं नाही.